टॉवर खिडकीत, संगणक आतल्या खोलीत

भामरागड, एटापल्ली, कोरची, धानोरा किंवा चंद्रपूर जिल्ह्यातल्या जिवतीच्या डोंगरपट्ट्यात इंटरनेट सगळ्या घराला सारखे मिळत नाही. ओसरीच्या एका कोपऱ्यात मोबाइलला दोन काड्या दिसतात आणि आत चार पावले टाकली की टॉवर गायब होतो. गडचिरोली जिल्ह्याचे क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर, आणि त्यातला दोन तृतीयांशाहून अधिक भाग जंगलाखाली आहे. मधे आलेली टेकडी आणि ओल्या पानांचे दाट छत या दोन्ही गोष्टी मोबाइलच्या लहरी अडवतात. उन्हाळ्यात जिथे बऱ्यापैकी नेट चालते, तिथेच श्रावणात पान उघडायला मिनिटे लागतात, ते यामुळेच.

काम मात्र आता सगळे ऑनलाइन झाले आहे. मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला, २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. त्यानंतर जिल्ह्यातल्या कितीतरी ग्रामसभा तेंदूपाने आणि बांबूचा व्यवहार स्वतः करू लागल्या. त्या व्यवहाराचे हिशेब, बँकेची विवरणे, पत्रव्यवहार हे सगळे कुणीतरी संगणकावर करत असते. ग्रामपंचायतीला ई-ग्रामस्वराज भरायचे असते, शाळेला यूडायस प्लस, कॉलेजातल्या पोरांना महाडीबीटीचा शिष्यवृत्तीचा अर्ज. आणि यासाठी जो संगणक असतो तो बहुधा जुना डेस्कटॉप. त्यात वायफाय नसते. मागच्या बाजूला केबलचे एक चौकोनी भोक तेवढे असते. तो ठेवलेलाही आतल्या खोलीत, कारण कुलूप त्याच खोलीला आहे.

अशा वेळी गुरुजींचा किंवा ग्रामसभेच्या सचिवाचा लॅपटॉप उपयोगी पडतो. लॅपटॉपने वायफायवरून इंटरनेट घ्यायचे आणि आपल्या केबलच्या भोकातून ते डेस्कटॉपला द्यायचे. ही सोय विंडोजमध्ये १९९९ च्या विंडोज ९८ सेकंड एडिशनपासून आहे. वेगळे काही उतरवून घ्यावे लागत नाही. तरीही हे करून द्यायला आलापल्लीहून किंवा बल्लारपूरहून कुणाला तरी बोलावले जाते. तो माणूस येईपर्यंत अर्जाची मुदत निघून जाते, आणि तो परतल्यावर काही बिघडले की पुन्हा त्याचीच वाट पाहावी लागते. म्हणून नुसती कुठली बटणे दाबायची एवढे शिकून भागणार नाही. आत काय घडते तेही समजून घ्या, म्हणजे बिघाड गावातच शोधता येईल.

आधी एक प्रश्न स्वतःला विचारा: हे खरोखर लागणार आहे का? डेस्कटॉप एकच असेल आणि मोबाइलचा टॉवर त्याच खोलीत येत असेल, तर मोबाइल चार्जिंगच्या वायरने डेस्कटॉपला जोडा आणि मोबाइलच्या सेटिंगमध्ये यूएसबी टिथरिंग चालू करा. काम झाले. मोबाइल चार्जही होत राहतो. खोलीत वायफाय पोहोचत असेल तर यूएसबीत खोचायचा छोटा वायफाय डोंगल काही शे रुपयांत मिळतो आणि तोच सगळ्यांत सुटसुटीत. लॅपटॉपची मांडणी लागते ती तीन प्रसंगांत. टॉवर एका जागी आणि संगणक लांब दुसऱ्या जागी असतो तेव्हा. ज्या यंत्राला डोंगल चालतच नाही, म्हणजे केबलचा प्रिंटर, सीसीटीव्हीची रेकॉर्डिंग पेटी, शाळेतला जुना टीव्ही, असे काही जोडायचे असते तेव्हा. किंवा बाजारात जाणे शक्य नसते आणि हाताशी फक्त एक केबल असते तेव्हा. पर्लकोटेला पूर येऊन भामरागडचा रस्ता बंद झाला की डोंगल कुठून आणणार?

केबलपासून सुरुवात करू. तिला बाजारात लॅन केबल म्हणतात. दुकानात ‘कॅट फाइव्ह ई’ मागा. तांब्याची चांगली केबल असेल तर १०० मीटरपर्यंत चालते. वायफायला दोन भिंतींतच धाप लागते, त्यामुळे ही लांबीच आपल्याला हवी असलेली खरी सोय आहे. खिडकीत मोबाइल, खिडकीजवळच्या टेबलावर लॅपटॉप, आणि तिथून झरोक्यातून आतल्या खोलीपर्यंत केबल. टोकाचा प्लग गावातच बसवायचा असेल तर आठ तारांचा क्रम दोन्हीकडे सारखा ठेवा: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. जुने लोक सांगतील की दोन संगणक थेट जोडायला उलट्या क्रमाची, क्रॉस केबल लागते. पूर्वी लागायची. आता दोन्हींपैकी एक यंत्र जरी बऱ्यापैकी नवे असेल तर ते तारा आपोआप ओळखून घेते आणि सरळ केबल चालते. दोन्ही यंत्रे फार जुनी असतील, तरच क्रॉस केबलचा विचार करा. लॅपटॉप पातळ असून त्याला केबलचे भोकच नसेल तर यूएसबीला लावायचा लॅन अडॅप्टर घ्यावा लागेल.

केबल एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत, झाडाला किंवा खांबाला बांधून उघड्यावरून नेऊ नका. मृगाच्या आधीच्या वादळात वीज जवळपास जरी पडली तरी त्या लांब तारेत झटका उतरतो आणि दोन्ही टोकांची यंत्रे जळतात. भिंतीच्या आतून, छपराखालून न्या. ढग गडगडू लागले की दोन्हीकडचे प्लग काढून ठेवा.

आता आत काय घडते ते पाहू. इंटरनेटवर जाणाऱ्या प्रत्येक यंत्राला एक पत्ता लागतो, त्याला आयपी ॲड्रेस म्हणतात. मोबाइलच्या हॉटस्पॉटने लॅपटॉपला एक पत्ता दिलेला असतो. तुम्ही शेअरिंग चालू केले की लॅपटॉप आपल्या केबलच्या बाजूला स्वतः १९२.१६८.१३७.१ हा पत्ता घेतो आणि पलीकडच्या यंत्राला त्याच मालिकेतला दुसरा एखादा पत्ता वाटतो. डेस्कटॉपने एखादे पान मागितले की लॅपटॉप ती मागणी आपल्या नावाने पुढे पाठवतो आणि उत्तर आले की डेस्कटॉपकडे सोपवतो. पाड्यावरच्या माणसाचे टपाल मुख्य गावातल्या ओळखीच्या दुकानाच्या पत्त्यावर यावे आणि दुकानदाराने ते पुढे पोहोचवावे, तसा हा प्रकार. बाहेरच्या जगाला फक्त लॅपटॉप दिसतो.

विंडोजमध्ये ‘ब्रिज कनेक्शन्स’ नावाचा आणखी एक पर्याय दिसतो आणि अनेकजण मोहाने तो निवडतात. वायफायच्या बाबतीत तो बहुधा चालत नाही. कारण हॉटस्पॉट किंवा राउटर फक्त त्याच यंत्राचा माल स्वीकारतो ज्याने त्याच्याशी रीतसर जोडणी केली आहे. ब्रिज केल्यावर डेस्कटॉप स्वतःच्या ओळखीने बोलू पाहतो आणि त्याची ओळख पलीकडे नोंदवलेलीच नसते. म्हणून ब्रिज नको, शेअरिंगच हवे. विंडोज १० आणि ११ मधले ‘मोबाइल हॉटस्पॉट’चे बटणही आपल्या कामाचे नाही. ते वायफायने वाटते, केबलने नाही.

कृती अशी. लॅपटॉप आधी वायफायला जोडा आणि त्यावर एखादे पान उघडून खात्री करा. केबल दोन्हीकडे लावा, डेस्कटॉप चालू करा. लॅपटॉपवर विंडोजचे बटण आणि ‘आर’ एकत्र दाबा, येणाऱ्या छोट्या चौकटीत ‘एनसीपीए’, टिंब, ‘सीपीएल’ ही अक्षरे इंग्रजीत जोडून टाका आणि एंटर दाबा. तुमच्या सगळ्या जोडण्यांची यादी उघडेल. एक वायफाय असेल, एक इथरनेट. इथरनेटवर लाल फुली असेल तर केबल नीट बसलेली नाही किंवा पलीकडचे यंत्र बंद आहे. फुली नसेल तर वायफायवर उजवी टिचकी मारून प्रॉपर्टीज उघडा. वरच्या पट्टीत शेअरिंग नावाचा कप्पा असेल. त्यातल्या पहिल्या ओळीसमोर, इतरांना या संगणकाच्या इंटरनेटवरून जोडू द्यावे अशा अर्थाची जी ओळ आहे तिथे, खूण करा. त्याखाली ‘होम नेटवर्किंग कनेक्शन’ विचारले तर इथरनेट निवडा. ओके दाबा.

इथे नवखा माणूस हमखास एका ठिकाणी अडतो. शेअरिंग हे त्या जोडणीवर चालू करायचे जिच्यातून इंटरनेट येते. इथरनेटवर जाऊन खूण केली तर उलटे होते आणि लॅपटॉपचेही नेट जाते. लॅपटॉपलाच मोबाइल यूएसबीने जोडला असेल तर यादीत वायफायऐवजी तिसरीच एक जोडणी दिसेल, बहुतेक ‘रिमोट एनडीआयएस’ असे नाव असलेली. मग शेअरिंग तिच्यावर करा. शेअरिंगचा कप्पाच दिसत नसेल तर लॅपटॉपला दुसरी जोडणी सापडलेली नाही. अडॅप्टर लावला आहे का पाहा. सरकारी खात्याचा लॅपटॉप असेल तर हा पर्याय खात्याने मुद्दाम बंद केलेला असू शकतो. तसे असेल तर तो उघडण्याची खटपट करू नका, दुसरा लॅपटॉप वापरा.

डेस्कटॉपवर सहसा काहीच करावे लागत नाही. पण पूर्वी कुणी त्यात हाताने पत्ता भरून ठेवला असेल, आणि पंचायतीच्या जुन्या संगणकांत असा पत्ता बऱ्याचदा सापडतो, तर तो काढावा लागेल. त्याच यादीत इथरनेटच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ‘इंटरनेट प्रोटोकॉल व्हर्जन ४’ उघडा आणि पत्ता आपोआप मिळवण्याचा पर्याय निवडा. जुना भरलेला पत्ता आधी वहीत लिहून ठेवा. तो एखाद्या दिवशी लागतो.

चालले तर उत्तम. नाही चालले तर घाबरून सगळे बदलू नका, क्रमाने तपासा. पहिली गोष्ट, केबलच्या भोकाजवळचे बारीक दिवे. एक स्थिर पेटलेला आणि एक लुकलुकणारा असेल तर तारा ठीक आहेत. दोन्ही विझलेले असतील तर प्लग, केबल, अडॅप्टर यांतच दोष आहे, सेटिंगमध्ये वेळ घालवू नका. दुसरी गोष्ट, डेस्कटॉपवर काळी कमांडची खिडकी उघडून ‘आयपीकॉन्फिग’ चालवा. पत्ता १९२.१६८.१३७ ने सुरू होत असेल तर लॅपटॉपने त्याला आपले मानले आहे. १६९.२५४ ने सुरू होत असेल तर डेस्कटॉपने कुणीच दिला नाही म्हणून स्वतःच पत्ता घेतला आहे, म्हणजे लॅपटॉपवरचे शेअरिंग चालू झालेले नाही. तिसरी गोष्ट, लॅपटॉपच्या पत्त्याला, म्हणजे १९२.१६८.१३७.१ ला ‘पिंग’ करा (टाकताना अर्थात इंग्रजी अंक). उत्तर आले तर केबलची बाजू निर्दोष. लॅपटॉपवर वेगळे अँटिव्हायरस बसवले असेल तर ते अशा पिंगला गप्प बसवू शकते, हेही ध्यानात ठेवा. मग ८.८.८.८ ला पिंग करा. हा गूगलचा सार्वजनिक पत्ता आहे. तिथून उत्तर येते पण ब्राउझरमध्ये पान उघडत नाही, असे झाले तर अडचण फक्त नावाचा पत्ता शोधण्यात आहे. डेस्कटॉपच्या ‘इंटरनेट प्रोटोकॉल व्हर्जन ४’च्या खिडकीत डीएनएसच्या जागी ८.८.८.८ भरले की बहुधा सुटते. आणि ८.८.८.८ वरूनच उत्तर नसेल तर आधी लॅपटॉपवर नेट आहे का पाहा. टॉवरच गेला असेल तर डेस्कटॉपचा काय दोष?

एक त्रास इतका सर्रास आहे की तो वेगळा सांगायला हवा. आज सगळे नीट चालते, उद्या लॅपटॉप बंद करून चालू केला की खूण तशीच दिसते पण डेस्कटॉपला नेट नसते. विंडोज १० पासून हा अनुभव येतो. सोपा उपाय म्हणजे शेअरिंगची खूण काढून ओके, पुन्हा खूण करून ओके. रोजचे काम असेल तर कायमचा उपाय करता येतो: विंडोजच्या रजिस्ट्रीत एक नोंद घालायची आणि सर्व्हिसेसच्या यादीत ‘इंटरनेट कनेक्शन शेअरिंग’ला ऑटोमॅटिक करायचे. मात्र रजिस्ट्रीत चुकीचा हात लागला तर संगणक बसतो, म्हणून ते माहीतगारानेच करावे. गावातल्या कुणाला रजिस्ट्री कशाशी खातात हे माहीत नसेल तर रोज खूण काढा आणि पुन्हा करा. दहा सेकंदांचे काम आहे.

लॅपटॉप झोपला की डेस्कटॉपचेही नेट झोपते. म्हणून पॉवरच्या सेटिंगमध्ये चार्जिंगवर असताना स्लीप कधीच नको आणि झाकण मिटले तरी काही करू नको, असे दोन्ही ठरवून द्या. मोबाइलचा हॉटस्पॉटही काही मिनिटे वापर नसला की आपसूक बंद होतो. ती वेळमर्यादा काढा. वीज गेली तर लॅपटॉप बॅटरीवर तग धरतो, पण डेस्कटॉप धरत नाही. एटापल्लीसारख्या भागात यूपीएस नसेल तर भरलेला अर्ज दर पानानंतर जतन करण्याची सवय लावून घ्या. हॉटस्पॉटमध्ये २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ असे दोन पर्याय असतील तर २.४ निवडा. वेग थोडा कमी, पण कुडाच्या आणि विटांच्या भिंतींतून तो जास्त आत पोहोचतो, आणि जुन्या लॅपटॉपला बहुधा तेवढाच कळतो.

आता पैशाची बाब, आणि ही मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. मोबाइलचा डेटा रोज मोजूनमापून मिळतो. लॅपटॉपला वायफायबाबत ‘ही मोजकी जोडणी आहे’ असे सांगण्याची सोय आहे, ती अनेकांनी वापरलेली असते. पण डेस्कटॉपला केबल दिसते, आणि केबल म्हणजे अमर्याद नेट असे विंडोज गृहीत धरते. बरेच दिवस नेट न पाहिलेला डेस्कटॉप जोडल्याबरोबर विंडोजचे अपडेट ओढू लागतो आणि बघता बघता दिवसाचा सगळा डेटा संपतो. मग अर्जाचे पान उघडायलाही काही उरत नाही. म्हणून डेस्कटॉपवर पहिले काम हे करा: सेटिंग्ज, नेटवर्क, इथरनेट, आणि तिथले ‘मीटर्ड कनेक्शन’ चालू. अपडेट कधीच करू नये असे मी म्हणत नाही. महिन्यातून एखाद्या दिवशी, फायबरची जोडणी असलेल्या ठिकाणी डेस्कटॉप नेऊन ती सगळी एकदम करून घ्या.

फायबरचा विषय निघालाच आहे. केंद्राने २०११ मध्ये मंजूर केलेली आणि पुढे भारतनेट या नावाने ओळखली गेलेली योजना ग्रामपंचायतीपर्यंत फायबर नेण्यासाठीच आहे. तुमच्या पंचायतीत ती जोडणी चालू असेल तर शेजारच्या शाळेला तिचे वायफाय लॅपटॉपमार्फत घेता येईल, कृती तीच. मात्र ग्रामसेवकाला विचारून आणि शक्य तर ठरावात नोंदवून घ्या. सार्वजनिक जोडणी कुठल्या कामासाठी वापरली जाते हे गावाला माहीत असावे.

लॅपटॉपवर उबुंटू किंवा दुसरे लिनक्स असेल तर काम आणखी सोपे: नेटवर्कच्या सेटिंगमध्ये केबलच्या जोडणीला आयपीव्ही४ खाली ‘शेअर्ड टू अदर कॉम्प्युटर्स’ निवडा. तिथे पत्ते १०.४२.० ने सुरू होतात, एवढाच फरक. ॲपलच्या संगणकात सेटिंग्जमधल्या शेअरिंगमध्ये ‘इंटरनेट शेअरिंग’ आहे.

एकापेक्षा जास्त यंत्रे जोडायची असतील तर पाच भोकांचा साधा स्विच मधे टाका. त्याला कसलेही सेटिंग लागत नाही. प्रिंटर त्या स्विचला लावला तर लॅपटॉप आणि डेस्कटॉप दोघांनाही छापता येईल, पण वायफायवरच्या मोबाइलला तो प्रिंटर दिसणार नाही, कारण तो लॅपटॉपच्या पाठीमागे आहे. सीसीटीव्हीच्या पेटीबाबतही तसेच. बाहेरगावाहून थेट तिच्या पत्त्यावर जाऊन चित्र पाहता येणार नाही. पेटीच्या कंपनीच्या ॲपमार्फत पाहावे लागेल. तेही डेटा खाणारे काम आहे, टॉवरच्या भरवशावर चोवीस तास चालवू नका.

डेस्कटॉपवर अजून विंडोज ७ असेल तर सांभाळून. त्याची सुरक्षा दुरुस्ती १४ जानेवारी २०२० ला थांबली, आणि विंडोज १० ची सर्वसाधारण मदतही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. अशा यंत्रावर ग्रामसभेच्या खात्याचे बँकिंग करू नका. तेंदूच्या हंगामात त्या खात्यात गावाच्या सबंध वर्षाची कमाई येते. बँकेचे काम लॅपटॉपवरच करा. डेस्कटॉपवर टंकलेखन, अर्ज, छपाई ठेवा, किंवा त्यावर एखादे हलके लिनक्स बसवून घ्या.

महिनोन्महिने हीच मांडणी चालवायची असेल तर लॅपटॉप त्यात अडकवून ठेवणे परवडत नाही. सिमकार्ड घालायचा, केबलची भोके असलेला छोटा फोरजी राउटर घ्या आणि तो खिडकीत ठेवा. पुढची केबल तीच राहील.

आणि काम संपले की शेअरिंगची खूण काढाच. लॅपटॉप पुढे तालुक्याच्या कार्यालयात नेला आणि तिथल्या भिंतीतल्या केबलला लावला, तर खूण तशीच असल्यास तो तिथल्या संगणकांनाही आपले १९२.१६८.१३७ चे पत्ते वाटू लागतो. कार्यालयाचे नेट एकेक टेबल करत बंद पडते आणि कारण कुणालाच सापडत नाही. खूण काढल्यावर इथरनेटच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन पत्ता पुन्हा ‘आपोआप’वर आला आहे की नाही तेही पाहून घ्या, कधीकधी जुना तसाच राहतो आणि मग तुमच्याच लॅपटॉपला तिथले नेट मिळत नाही.